१८५७, दिल्लीचा वेढा आणि बायकोला रोज लिहिलेली पत्रं: ग्रेटहेडवर कितपत विश्वास ठेवायचा?

निवांत_वाचक

मंडळी नमस्कार. इतिहासवाल्यांसाठी प्रश्न आहे, जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

हार्वे ग्रेटहेड नावाचा एक इंग्रज सिव्हिलियन, म्हणजे मुलकी अधिकारी होता, १८५७ ला मेरठचा कमिशनर. १० मेला मेरठात उठाव झाला तेव्हा तो आणि त्याची बायको तिथेच होते. बंगला पेटवला, हे दोघं वर गच्चीवर, आणि त्यांच्याकडचा गुलाब खान जमावात मिसळून सांगतो की घरात शोधू नका, साहेब तिकडे गवताच्या गंजीत लपलाय. जमाव तिकडे पळाला, हे खाली उतरले आणि बागेतून निसटले. असा थोडक्यात वाचलेला माणूस मे अखेरीला मेरठच्या फौजेबरोबर दिल्लीकडे निघाला, तो लढायला नाही तर आग्र्याच्या लेफ्टनंट गव्हर्नरचा पोलिटिकल एजंट म्हणून. आणि तिथून मागे मेरठला राहिलेल्या बायकोला जवळजवळ रोज पत्र. १४ सप्टेंबरला इंग्रज दिल्लीत घुसले, १९ ला हा पटकीने गेला, लाल किल्ला पडायच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या वर्षी, १८५८ ला, बायकोने ती पत्रं लंडनला छापून आणली. स्कॅन नेटवर आहे, मी अर्ध्याच्या पुढे आलोय.

आता माझी अडचण ऐका. एक तर हा माणूस सरकारी गुपितं हाताळणारा. शहरातून बातम्या येतायत, बादशहाच्या दरबारात कोण कोणाशी भांडलं ते त्याला कळतंय, आणि तो ते सरळ बायकोला लिहितोय!! पत्र वाटेत पकडलं गेलं तर? दुसरं म्हणजे सूर. आजूबाजूला पटकीने माणसं मरतायत, जून-जुलैतलं दिल्लीचं ऊन, वरून तोफा, आणि हा आपला आनंदात, भाऊ ठीक आहेत, पाऊस छान झाला, दिल्ली आता पडेलच. हे बायकोला धीर द्यायला म्हणून की खरंच त्याला तसं वाटत होतं? आणि शेवटचं, आपल्या बाजूचं असं काही आहे का, म्हणजे रोजच्या रोज घरी लिहिलेलं, मराठीत असेल तर सोन्याहून पिवळं.

जाणकारांनी उजेड पाडावा.

---

कासीद

छान धागा. पहिल्या प्रश्नाचं सांगतो, बाकीचं इतर लोक सांगतीलच.

पत्र जायचं कसं ते आधी डोळ्यासमोर आणा. मेरठ-दिल्ली अंतर पासष्ट-सत्तर किलोमीटर, पण सरळ रस्ता बंद, कारण यमुनेवरचा होड्यांचा पूल दिल्लीत उठलेल्या शिपायांच्या ताब्यात. इंग्रजांची छावणी नदीच्या या बाजूला शहराच्या वायव्येला टेकाडामागे, ज्याला ते रिज म्हणतात. म्हणजे डाक वर उत्तरेकडून फिरून जायची, आणि नेणारे हरकारे-कासीद इथलेच, पायी जाणारे. लखनौची रेसिडेन्सी वेढली गेली होती तेव्हा तर चिठ्ठी पिसाच्या नळीत गुंडाळून न्यायचे आणि मजकूर इंग्रजी पण लिपी ग्रीक, म्हणजे पकडला तरी वाचणाऱ्याला पत्ता लागू नये. ग्रेटहेडची घरची पत्रं मात्र त्या जातीची नाहीत. मेरठ इंग्रजांच्याच हातात होतं, तिकडची वाट लांबची आणि धोक्याची पण लखनौसारखी पूर्ण कोंडलेली नाही.

आणि नीट बघा तो काय लिहितो. शहरात काय चाललंय ते लिहितो, म्हणजे शत्रूची बातमी, जी शत्रूला आधीच माहीत आहे 😄 बादशहाचे शहजादे आणि शिपाई यांच्यात पैशावरून भांडण झालं हे पत्र शिपायांच्या हाती पडलं तर त्यांना काय नवीन कळणार? धोका असतो तो कोण बातमी देतंय त्याच्या नावात. शहरात यांचे लोक होते, मुन्शी जीवनलाल होता, बादशहाचा व्याही मिर्झा इलाहीबख्श होता, छावणीतला इंग्रज अधिकारी हॉडसन, त्याच्यासाठी मौलवी रजब अली सगळं जाळं चालवत होता. कामाची वाटणीही लक्षात घ्या. खबरी पोसणं हे हॉडसनचं खातं, ग्रेटहेडचं खातं म्हणजे त्या खबरीचं राजकारण करणं, कोणाला आश्वासन द्यायचं, कोणाला नाही, आजूबाजूचे जमीनदार आणि संस्थानिक धरून ठेवायचे. त्यामुळे तो बायकोला जे सांगतो ती संध्याकाळी छावणीत जेवणाच्या टेबलावर पन्नास लोकांना ठाऊक असलेली गोष्ट. मला तरी त्यात बेफिकिरी दिसत नाही.

---

दख्खनचा_दगड

कौतुक चाललंय खरं. या साहेबाच्या पावसाचं आणि भावाच्या खुशालीचं आपण काय करायचं? ज्या लोकांनी सप्टेंबरात दिल्ली घेतल्यावर गल्लीगल्लीत माणसं मारली, अख्खं शहर बाहेर हाकललं, त्यांचा एक अधिकारी बायकोशी गोड बोलायचा म्हणून तो माणूस समजून घ्यायचा का? शहरात राहणाऱ्या एखाद्या कुंभाराने, भिश्त्याने बायकोला काय सांगितलं असेल त्याचं पुस्तक लंडनला छापत नव्हतं कोणी.

---

अनघा_वाचते

दगडदादा, मुद्दा बरोबर पण धागाकर्त्याने समजून घ्या असं कुठे म्हटलंय, विश्वास किती ठेवायचा विचारलंय. आणि कुंभार-भिश्त्यांचं म्हणाल तर त्यांचे कागद आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या चार महिन्यांचे हजारो कागद आहेत, फारसीत आणि शिकस्ता म्हणजे घाईच्या, जोडून लिहिलेल्या वळणाच्या उर्दूत, कोतवालाकडे आलेले अर्ज, तक्रारी, हुकूम. शिपायांनी दुकानातून माल उचलला पैसे दिले नाहीत, खाटा द्या, बैलगाड्या द्या, मजूर पाठवा, असलं सगळं. ती घरची पत्रं नाहीत हे खरं, पण सामान्य माणसाचा आवाज त्यातच आहे.

मला यातली खरी मजा दोन्ही कागद शेजारी ठेवण्यात वाटते. एक उदाहरण देते. १ ऑगस्ट १८५७ ला बकरी ईद होती. छावणीत सगळे आशा लावून बसलेले की आज शहरात गाय कापली जाणार आणि हिंदू-मुसलमान शिपाई एकमेकांच्या उरावर बसणार, आपलं काम परस्पर होणार. तसं काही झालं नाही. बहादूरशहाने आधीच गोवधबंदीची दवंडी पिटवली होती. ग्रेटहेड यावर बायकोला टोमणा मारून लिहितो की बघ कसा विनोद आहे, धर्मासाठी लढणारे हे मुसलमान आणि त्यांच्याच बादशहाच्या राज्यात ईदला गाय कापायची परवानगी नाही. त्याच छावणीतला कीथ यंग, हाही आपल्या बायकोलाच पत्र लिहिणारा, तोही ईदला शहरात दंगा व्हायची आशा फुकट गेली म्हणून लिहितो. आणि तिकडे कोतवालीच्या कागदांत हुकूम सापडतो की मुसलमानांच्या घरच्या गायींची नोंद करा. तिन्ही जुळतात! म्हणजे घटना पक्की. आता फक्त ग्रेटहेडचं पत्र वाचलं तर वाटतं बादशहा किती हतबल, कोतवालीचे कागद वाचले की कळतं हे ठरवून, दारोदार माणसं पाठवून केलेलं काम होतं, ऐंशी पार केलेल्या म्हाताऱ्याने. टोमणा मारताना ग्रेटहेडला हे दिसलंच नाही, किंवा दिसलं पण पचलं नाही.

तर माझं मत, घटनांसाठी तो बऱ्यापैकी भरवशाचा, अर्थ लावायला गेला की सांभाळून.

---

शंकेखोर

अनघाताईंना +१, पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही. हे पुस्तक १८५८ चं आहे. म्हणजे लढाई अजून पुरती संपलेली नाही, लंडनच्या पेपरात कानपूर आणि दिल्लीच्या बातम्यांनी लोक पेटलेले, प्रत्येकाला मेलेला वीर हवाय. अशा वेळी विधवा बाई नवऱ्याची पत्रं छापते. ती त्यात काय ठेवेल आणि काय गाळेल? वैयक्तिक लाडाचं गाळलं असेल हे उघड आहे आणि त्याला कोणाची हरकत नाही. पण जे सहकारी अजून जिवंत आणि नोकरीत आहेत त्यांच्याबद्दलचं वाकडं बोलणं? एखाद्या जनरलला मूर्ख म्हटलं असेल तर? आपल्याकडे आहे ती पत्रं नव्हेत, बाईंनी निवडलेली पत्रं आहेत.

हॉडसनचंच बघा ना. त्याची पत्रं त्याच्या पाद्री भावाने १८५९ ला छापली, आणि हॉडसनवर पैशाच्या अफरातफरीचे जे आरोप होते, शहजाद्यांना गोळ्या घातल्याचं जे प्रकरण होतं, त्यात भाऊरायांनी वकिली केली असं तेव्हापासून लोक म्हणत आलेत. घरच्याने छापलेली पत्रं म्हटली की मी पहिल्यांदा छापणाऱ्याचं तोंड बघतो, मग लिहिणाऱ्याचं.

---

निवांत_वाचक

वा, एवढं सगळं येईल वाटलं नव्हतं. शंकेखोर, छापणाऱ्याचं तोंड हे मस्त. पण मग सुराचं काय? बाईंनी सगळी रडगाणी गाळली आणि हसरा नवरा ठेवला असं म्हणायचं का? मला वाचताना तसं वाटत नाही हो. एखाद-दोन पत्रं असती तर मानलं असतं, इथे जून, जुलै, ऑगस्ट, सगळीकडे तोच माणूस आहे. आणि पडेल पडेल म्हणतोय ती दिल्ली पडत नाहीये, हे बाईंना झाकायचं असतं तर झाकलं नसतं का? त्यात नवरा चुकीचाच दिसतोय की.

---

अनघा_वाचते

हेच म्हणायचं होतं मला. "लवकरच पडेल" छापील राहिलं हीच त्या पत्रांची पावती. पुढे काय झालं हे माहीत असलेल्या माणसाने लिहिलेलं असतं तर त्याने ८ जूनला बादलीकी सराईची लढाई जिंकून रिजवर आल्या आल्या "आता तीन महिने इथेच" असं शहाणपण दाखवलं असतं. ज्यांनी वीस-तीस वर्षांनी आठवणी लिहिल्या ते सगळे असे शहाणे आहेत. याला उद्याचं काही ठाऊक नाही.

आणि सुराबद्दल म्हणाल तर त्याच छावणीतल्या दुसऱ्या नवऱ्याची पत्रं बघा. जनरल आर्चडेल विल्सन. आधीचा सरसेनापती अॅन्सन २७ मेला कर्नालला पटकीने गेला, त्याच्या जागचा बर्नार्ड ५ जुलैला पटकीनेच गेला, त्यानंतरचा जनरल रीड आजारपणाने १७ जुलैला सोडून गेला, आणि गळ्यात पडलं या विल्सनच्या. तोही बायकोला लिहितो, पण तिथे नुसता वैताग आहे, थकलोय, झेपत नाही. १४ सप्टेंबरला काश्मिरी दरवाजा उडवून आत घुसल्यावर एका दिवसात साधारण ११७० माणसं मेली-जखमी झाली तेव्हा हा परत रिजवर माघारी जायचा विचार करत होता, इंजिनियर बेअर्ड स्मिथने अडवलं आणि हल्ल्यात जखमी होऊन मरणाच्या खाटेवर पडलेला ब्रिगेडियर निकल्सन तर म्हणे पिस्तूल मागत होता याला गोळी घालायला. एकच छावणी, एकच डाक, दोघांच्या बायका वाट बघणाऱ्या. एक जण धीर देतोय, एक जण रडतोय. त्यामुळे बायकोला लिहायचं म्हणजे सगळे गोडच लिहायचे असा काही रिवाज नव्हता, ग्रेटहेडचा स्वभावच तसा असावा. शिवाय विल्सनवर निर्णयाचं ओझं होतं, ग्रेटहेडवर नव्हतं. तोफा कुठे लावायच्या हे त्याला कोणी विचारत नव्हतं.

---

दख्खनचा_दगड

ओझं नव्हतं हे मात्र पटलं नाही. पोलिटिकल एजंट म्हणजे दिल्ली घेतल्यावर शहराचं, बादशहाचं काय करायचं ते ठरवणारा. बादशहाची बेगम झीनतमहल, तिचं प्रकरण आठवा. ऑगस्टात तिने माणूस पाठवला होता, मी बादशहाकडे शब्द टाकते, काहीतरी समेट करू. तेव्हा शहरात वातावरण तापलेलं होतं, ७ ऑगस्टला बेगम समरूच्या वाड्यातला बंदुकीच्या दारूचा कारखाना उडाला, शिपायांनी बादशहाचा हकीम अहसानुल्ला खान याचं घर लुटलं कारण संशय त्याच्यावर, आणि झीनतमहलवरही. अशा वेळी बाईने जिवावर उदार होऊन माणूस धाडला आणि ग्रेटहेडने काय सांगितलं, तर तुमचं वैयक्तिक भलं होवो, आमचं बायकामुलांशी भांडण नाही, पण किल्ल्यातल्या कोणाशीही आम्ही बोलणी करू शकत नाही. आणि हे सगळं त्याने बायकोला लिहिलं, सहज, पावसाची बातमी द्यावी तसं. बायकामुलांशी भांडण नाही म्हणे. पुढच्या महिन्यात दिल्लीच्या बायकामुलांनी काय बघितलं ते गालिबच्या पत्रांत वाचा.

त्यांच्या बाजूचे कागद वाचू नका असं म्हणत नाही, वाचाच, पण अशा वाक्यांवरून नुसते पुढे जाऊ नका एवढंच.

---

कासीद

दगड, हे बाकी जबरी काढलंत. मी ते पत्र वाचलंय पण इतकं थांबून नाही.

फक्त एक भर घालतो, त्याची बाजू घ्यायला नाही, तर ते वाक्य कुठून येतं ते सांगायला. समेट करायचा अधिकार त्याला होता का? त्याचा वरचा साहेब म्हणजे आग्र्याचा लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्विन. कॉल्विनने मे अखेरीला एक जाहीरनामा काढला होता की शस्त्रं खाली ठेवून घरी जाल तर बऱ्याच जणांना माफी मिळेल, तर कलकत्त्याहून गव्हर्नर जनरल कॅनिंगने तो रद्द केला, फार मऊ आहे म्हणून. साहेबाचं असं नाक कापलेलं ज्याने बघितलं तो एजंट राणीच्या माणसाशी समेट करायला बसेल होय? आणि कॉल्विन स्वतः ९ सप्टेंबरला आग्र्याच्या किल्ल्यात आजारपणाने गेला. म्हणजे ज्याचा हा प्रतिनिधी तोच शेवटच्या दहा दिवसांत जागेवर नाही.

आणि मग हा गेला १९ ला. २० ला लाल किल्ला घेतला, २१ ला हुमायूनच्या कबरीत बहादूरशहा हॉडसनला शरण आला, जीव घेणार नाही या वचनावर. २२ ला त्याच हॉडसनने शहजाद्यांना गोळ्या घातल्या. ते वचन द्यायचा अधिकार हॉडसनला कोणी दिला यावर नंतर जो धुरळा उडाला तो याचसाठी, की ज्याचं ते काम होतं तो पोलिटिकल एजंट दोनच दिवस आधी गेलेला. विल्सनने नाखुशीने हो म्हटलं म्हणतात, ग्रेटहेडच्या जागी आलेला साँडर्स नुकताच खुर्चीत बसलेला. ग्रेटहेड असता तर काही वेगळं झालं असतं असं मी म्हणत नाही, पण जबाबदारी कोणाची हे तरी कागदावर आलं असतं, आणि बहुधा बायकोच्या पत्रातही.

---

कागलकर

उशिरा आलो. इतिहास माझा विषय नाही पण या धाग्यावर एकाही मराठी माणसाला आठवू नये याचं नवल वाटलं म्हणून लिहितो. रिजवर इंग्रजांचं सगळ्यात मोक्याचं ठाणं कुठलं, जिथे मेजर रीडचे गुरखे वेढा संपेपर्यंत चिकटून होते? हिंदुरावचा वाडा. हा हिंदुराव म्हणजे आमच्या कागलचा, हिंदुराव घाटगे, सर्जेराव घाटग्यांचा मुलगा आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदेंचा भाऊ. मूळ बंगला विल्यम फ्रेझर नावाच्या इंग्रजाचा, त्याचा १८३५ ला खून झाल्यावर हिंदुरावने घेतला. आज तिथे हिंदुराव हॉस्पिटल आहे, दिल्लीकरांना विचारा हिंदुराव कोण, निम्म्यांना सांगता येणार नाही. ग्रेटहेडच्या पत्रांत हिंदुरावचं घर येत असणार, त्याशिवाय वेढ्याचं वर्णनच होत नाही.

---

निवांत_वाचक

कागलकर दंडवत घ्या! अहो येतंय की, इंग्रजीत हिंदू राव असं तोडून लिहिलेलं असतं, मी आपला कोणीतरी राजपूत असेल म्हणून पुढे जात होतो. आता मागे जाऊन वाचतो.

---

शंकेखोर

बायजाबाईंचं नाव निघालंच आहे तर धागाकर्त्याच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिथूनच देतो, मराठीत काय आहे. बायजाबाई मथुरेला मोठा यज्ञ करणार, भरपूर दक्षिणा मिळणार, ही बातमी कोकणात पोचली म्हणून पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे काकांना घेऊन १८५७ च्या सुरुवातीला निघाले. महूजवळ पोचतात तर उठावाची बातमी. पुढे ग्वाल्हेर, झाशी, झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिलेला, शहर पडल्यावरची लूट आणि कत्तल पाहिलेली. "माझा प्रवास" सगळ्यांना माहीतच आहे. पण ती पत्रं नाहीत. त्यांच्या वरसईच्या घरी रोज पत्र जायला ना सरकारी डाक होती ना कासीद. घर कर्जात म्हणून हे बाहेर पडले आणि मागे घरच्यांना कळायला मार्ग नाही की भटजी जिवंत आहेत की नाहीत. जे लिहिलं ते पाव शतकानंतर.

आणि छापणाऱ्याचं तोंड इथेही बघायचंच. गोडसे भटजी गेल्यावर १९०७ ला चिंतामणराव वैद्यांनी ते छापलं, पण भाषा आणि मांडणी बरीच आपल्या हाताने केली, इंग्रज सरकार डोक्यावर असताना काही मऊही केलं. मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ ला आणला तेव्हा लोकांना कळलं भटजी मुळात किती रोखठोक लिहीत होते. म्हणजे आपल्याकडे निदान मूळ प्रत सापडली आणि ताडून बघता आली.

---

अनघा_वाचते

शंकेखोर, तुलना आवडली पण एका जागी अडते. भटजी लेखक म्हणून बसून लिहितायत, वाचक समोर धरून, पुढे काय झालं ते सगळं माहीत असताना. त्यामुळे झाशीच्या राणीचं जे चित्र येतं ते सुंदर आहे पण ते तयार झालेलं चित्र आहे. ग्रेटहेडकडे चित्र नाहीच, फक्त आजचा दिवस आहे. निकल्सनचंच बघा, आज आपण तो सिनेमातल्यासारखा येतो असं वाचतो, त्याची फौज १४ ऑगस्टला आली आणि पारडं फिरलं वगैरे. रोजच्या पत्रात तो येतो तो छावणीतला आणखी एक नवा माणूस म्हणून, ज्याच्याबद्दल लोक कुजबुजतायत. मला हे रोजचं जास्त आवडतं. भटजींच्या घरी मात्र पत्र जाऊ शकलं नाही ही रुखरुख आहेच.

---

दख्खनचा_दगड

आणि डाक ज्याची, इतिहास त्याचा. झालं.

अवांतर: त्याच छावणीत हॅरिएट टायटलर नावाच्या बाईला २१ जूनला दारूगोळ्याच्या गाडीत मुलगा झाला, नाव ठेवलं स्टॅन्ली डेल्ही फोर्स टायटलर. पोराने शाळेत काय सांगितलं असेल 😂

---

कासीद

दगड हसतोय, धाग्याचं सार्थक झालं.

निवांत, वाचनाचं एक सुचवतो. सरळ शेवटपर्यंत जाऊ नका. ऑगस्टची पत्रं आणि मुन्शी जीवनलालची त्याच तारखांची रोजनिशी बरोबर घ्या, मेटकाफने केलेलं इंग्रजी भाषांतर १८९८ चं आहे, तेही नेटवर मिळतं. मुन्शी शहराच्या आत, इंग्रजांचा पगारी खबऱ्या, त्यामुळे तोही काही निर्मळ साक्षीदार नव्हे, पण शहरात भाव काय, कोणाच्या घराची झडती, हे तो आतून सांगतो आणि दोन-तीन दिवसांनी तीच गोष्ट ग्रेटहेडच्या पत्रात बाहेरून येते, कधी वाढवून, कधी उलटी होऊन. बातमी भिंत ओलांडताना काय होतं ते त्यात दिसतं.

आणि भावांकडे लक्ष ठेवा. एडवर्ड आठव्या पलटणीचा कर्नल, आणि विल्बरफोर्स इंजिनियर, जो उठाव झाल्यावर आग्र्याहून मेरठपर्यंत कॉल्विनचे खलिते घेऊन घोड्यावर एकटा पोचला होता. पत्रांत भाऊ ठीक आहेत, भाऊ ठीक आहेत असं येत राहतं. १४ सप्टेंबरच्या हल्ल्यात विल्बरफोर्स चांगलाच जखमी झाला, एडवर्ड वाचला आणि दहा दिवसांत फौज घेऊन आग्र्याकडे निघाला. जो लढायलाच गेला नव्हता तो तेवढा गेला.

---

निवांत_वाचक

जीवनलाल उतरवून घेतला. आजपासून ऑगस्ट दोन्हीकडून वाचायला घेतो, १ तारखेच्या ईदेपासूनच सुरू करतो म्हणजे अनघाताईंनी सांगितलेलं ताडून बघता येईल. कागलकर, तुम्ही हिंदुराव आणि बायजाबाईंवर वेगळा धागा काढा बुवा, इथे दोन ओळीत संपवू नका.

---

कागलकर

काढतो की. फक्त ऊसतोड संपू द्या.